मालकाचा पाय

गोरेगाव,
६ नोव्हेंबर २०२४

सत्या,

शाळेत बाईंनी शिकवलेलं 'पत्र लिहिण्यास कारण की' आठवतं का? ते मी लिहीत नाही. कारण नसताना मी कुणाला पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊकच आहे. लग्नाला पाच वर्षं झाली आणि तुला हे पहिलंच. फोन का केला नाही म्हणशील. घरात धड फोन एकच, तो ह्यांचा, आणि तो दिवसभर ह्यांच्याबरोबर शेरडांमागं रानात असतो. संध्याकाळी घरी आला की फक्त मोठ्या आवाजावर चालतो, कानाला लावून ऐकायचं त्याचं बिघडलंय. तू काही बोललीस की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐकणार, शेजारच्या शालूबाई ऐकणार आणि तू फोन ठेवायच्या आत दोघींचे सल्ले तयार असणार. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं.

प्रभू लंगडतोय. सव्वादोन वर्षांचा आहे आता. तू त्याला बारशाला बघितलंस तेवढंच. हे नाव घरात फक्त मी आणि हे घेतो. माझ्या सासऱ्यांचं नाव प्रभू. ते वारले त्याच साली हा झाला, म्हणून नाव तेच ठेवलं आणि आत्याबाईंची पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव त्यांनी चाळीस वर्षांत तोंडातून काढलं नाही, मग नातवाला कशी हाक मारणार? त्या त्याला 'मालक' म्हणतात. 'मालक, भाकर खा. मालक, चड्डी घाला.' नवीन माणूस आला की आधी मालकाला शोधत इकडंतिकडं बघतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो बाजेवरून पडला. रडला, उठला, खेळायला गेला. आठ दिवसांनी सकाळी उजवा पाय टेकवेना. दुपारी जरा चालला, पण तो पाय ओढत. तेव्हापासून तसंच चाललंय. हिंगोलीला नेऊन फोटो काढला. हाड साबूत आहे म्हणाले, मुका मार असेल, आणि दुखण्याचं एक आणि हाडाचं एक अशी दोन औषधं दिली. चार दिवस बरं होतं. बाटली संपली की पाय पुन्हा तसाच.

घरात मदत म्हणशील तर आत्याबाई स्वतःच कंबर धरून बसलेल्या असतात. उठता 'आई गं', बसता 'आई गं'. दहा वर्षांचं आहे त्यांचं हे. काम निघालं की सुभद्राबाईची कंबर धरते, असं सगळी गल्ली म्हणते. आता मी पोराचा पाय बघू की त्यांची कंबर?

खाण्यापिण्याची मात्र आबाळ नाही. आमच्यात मामानं भाच्याच्या नावाची शेळी द्यायची रीत आहे. माझ्या दिपकदादानं श्रावणात माहेराहून, डोंगरकड्याहून, चांगली गाभण शेळी आणून दिली. चांदी तिचं नाव. तिचं दूध प्रभूशिवाय कुणाला नाही.

तू रोज रक्त तपासतेस, डॉक्टरांच्या बाजूला उभी असतेस. कुठं दाखवावं ते सांग. मला भीती वाटते. एवढंच.

तुझी सपना

वसमत,
१२ नोव्हेंबर २०२४

सपने, जयभीम.

तुझं पाकीट लॅबमध्ये नमुन्यांच्या खोक्याबरोबर आलं. मी न बघता त्यावर नंबर टाकायला निघाले होते.

आधी एक गोष्ट. मी डॉक्टर नाही. मी लोकांच्या दंडातून रक्त काढते आणि मशीन काय म्हणतं ते कागदावर उतरवते. पण चार वर्षांत एवढं कळलंय की पडल्याचं दुखणं दिवसागणिक कमी होतं. तुझ्या पोराचं तीन आठवड्यांत कमी झालं नाही, म्हणजे हे बाजेवरून पडल्याचं नसेल. लेकरं दिवसातून दहा वेळा पडतात, म्हणून कुठल्याही दुखण्याला शोधलं की एक पडणं सापडतंच. आणि फोटोत हाड दिसतं, सांध्यात काय चाललंय ते दिसत नाही.

मेडिकलमधून थर्मामीटर आण. सात दिवस सकाळी आणि दिवेलागणीला ताप बघून वहीत लिही. घाम येतो का, भूक कशी आहे, पाय कुठं धरतो, गुडघा की जांघ, तेही लिही. पाय चोळू देऊ नकोस कुणाला. तुझ्या सासूबाईंचा हात एव्हाना फिरलाच असेल, आणि कुणा हाडवैद्याकडंही नेलं असेलच. आणि जर तो पाय टेकवायचाच बंद झाला किंवा ताप चढला, तर माझ्या पत्राची वाट बघायची नाही, त्याच दिवशी लेकरांच्या डॉक्टरकडं जायचं.

आणखी एक. खरं लिही. गणित चुकलं की तू उत्तराभोवती पट्टीनं सुबक चौकट करायचीस, बाईंना बरोबर वाटावं म्हणून. मला चौकट नको.

सत्यशीला

गोरेगाव,
२१ नोव्हेंबर २०२४

सत्या,

तू घरात कॅमेरा लावलायस का? हाडवैद्याकडं दोनदा नेऊन झालं होतं. देविदासबुवा म्हणून आहेत, जनावरांची हाडं चांगली बसवतात. त्यांनी कामट्या लावून पाय बांधला. पोरगं असं किंचाळलं की आमच्या ह्यांनीच तिसऱ्या दिवशी कामट्या सोडून चुलीत घातल्या. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू ओरडशील हे माहीत होतं.

आता वहीतलं. सकाळी ताप नसतो. सातही दिवस नव्हता. दिवेलागणीला एकशे एक, एकशे दोन, एकदा एकशे तीन. मग घाम सुटतो आणि अंगातलं झबलं पिळून निघतं. दोन दिवस मध्येच काही नव्हतं, मी खूश झाले, तिसऱ्या दिवशी पुन्हा चढला. हात नेहमी जांघेकडं. भूक गेलीय. आधी अर्धी भाकर खायचा, आता दोन घास खाऊन तोंड फिरवतो. सगळ्यात वाईट म्हणजे आता तो चालायला मागतच नाही. काल अंगणात पिलं उड्या मारत होती. हा उंबऱ्यावर बसून बघत होता. मी म्हटलं, 'जा ना.' तर म्हणाला, 'पाय नको.' एवढंसं लेकरू, पाय नको म्हणतं.

फक्त दूध तेवढं पितो. चांदीनं भादव्यात गाभ टाकला, दोन्ही पिलं मेलेली निघाली, पण दूध आलं ते आलं. त्याला तर भांडंही लागत नाही. धार काढायला बसलं की वासरासारखा तोंड उघडून पुढं बसतो. निरसं दूध, तसंच कोमट. तेवढं त्याच्या पोटात जातं म्हणून जिवाला बरं वाटतं.

आत्याबाई म्हणतात, 'मालकाला कुनाची नजर लागली न्हाई, काही तरी अंगातच हाय. मोठ्या दवाखान्यात न्या.' ह्यांना मेंढरं कुणावर टाकून जावं कळत नाही. तू लवकर लिही.

सपना

वसमत,
२६ नोव्हेंबर २०२४

सपना,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मी शिवशंकरभाऊजींना फोन केलेला असेल. फोनवर एवढंच सांगणार आहे की दूध बंद करा आणि पोराला घेऊन शनिवारी वसमतला या. का, ते इथं लिहिते, कारण तुझ्या त्या फोनवर शालूबाईंनाही कळेल.

तू चांदीबद्दल जी ओळ लिहिलीस, ती वाचून मी खुर्चीत ताठ बसले. गेल्या साली गुरांच्या दवाखान्यातल्या एका शिपायाचं रक्त आमच्याकडं आलं होतं. असाच संध्याकाळचा ताप, असाच घाम, सांधे धरलेले. महिनाभर टायफॉइडची औषधं खाऊन झाली होती. शेवटी निघालं ते शेळ्यामेंढ्यांचं दुखणं. ज्या शेळीला ते होतं ती बहुतेक गाभ टाकते, पण दिसायला धडधाकट असते. तिच्या दुधातून, व्याल्यावर पडणाऱ्या वारेतून ते माणसात येतं आणि सांध्यात जाऊन बसतं. नाव ब्रुसेलोसिस. पाठ करू नकोस, चिठ्ठीवर लिहून दिलंय.

हेच असेल असं मी म्हणत नाही. क्षयाचीही तपासणी करतील, दुसऱ्याही करतील. इथल्या लेकरांच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दुधाचाच.

आता राग येणार असेल तर येऊ दे. तुझ्या सासूबाईंचा जन्म शेरडांत गेला. गाभ टाकलेल्या शेळीचं निरसं दूध लेकराच्या तोंडात पिळायचं, हे त्यांना कसं सुचलं? नातवाचं दुखणं वाढत गेलं तशी त्यांची दुधाची धार वाढत गेली असणार. माया अशी आंधळी असली की वैर बरं. तू सून आहेस म्हणून गप्प बसलीस, समजू शकते. पण आता बसू नकोस.

सत्यशीला

गोरेगाव,
१५ डिसेंबर २०२४

सत्या,

वसमतच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं होतं, तिथून परवा आलो. आठ दिवस इंजेक्शनं झाली, आता सहा आठवडे तोंडातून औषध. त्यातल्या एका औषधानं लघवी लालभडक होते. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी दवाखाना डोक्यावर घेतला असता. प्रभूला मात्र त्याचा मोठा अभिमान वाटतोय. येईल त्याला बोलावून दाखवतो. ताप चार दिवसांपासून नाही. काल भिंत धरून सहा पावलं टाकली.

तू म्हणालीस तेच निघालं. तू ती ओळ वाचली नसतीस तर आम्ही अजून कॅल्शियमच पाजत बसलो असतो. हे मी विसरणार नाही.

आता चौकट पुसते.

परत येताना तुझ्या लॅबमध्ये आलो. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, म्हणून तू आम्हा तिघांचं काढलंस. आत्याबाईंच्या दंडाला रबर बांधताना तू त्यांना म्हणालीस, 'आजी, दूध उकळायला कितीसा वेळ लागतो?' त्या म्हणाल्या, 'चुकलं माय.' मी तिथंच उभी होते, प्रभूला कडेवर घेऊन. मी काही बोलले नाही.

सत्या, दूध मी पाजत होते. मी. आत्याबाईंनी जन्मात कधी निरसं दूध घरात कुणाला दिलं नाही. चांदी आली त्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, 'सपना, तापवून दे गं, आपल्या घरचा नेम हाय.' गाभ टाकल्यावर तर म्हणाल्या, 'ह्या शेळीचं दूध महिनाभर राहू दे.' मला वाटलं, माझ्या माहेरच्या शेळीला नाव ठेवतायत. तुमच्या चाळीस शेरडांत एकदा कुणी गाभ टाकला नाही का? मग माझ्याच चांदीचं काय वाकडं? त्या कंबर धरून आत पडल्या की मी मुद्दाम धार त्याच्या तोंडात पिळायची. तो हसायचा, मी हसायची. माझ्या माहेरच्या दुधानं माझं पोरगं धष्टपुष्ट होईल असं मला दाखवायचं होतं. पाय दुखायला लागल्यावर आणखी पाजलं.

देविदासबुवांकडंही मीच नेलं. त्या नको म्हणत होत्या.

तुझ्या पहिल्या पत्रापासून तू सगळं त्यांच्यावर टाकत गेलीस आणि मी टाकू दिलं. खोटं मी एकही वाक्य लिहिलं नाही, पण फक्त 'धार काढायला बसलं की' असं लिहिलं, कोण बसलं ते लिहिलं नाही. वसमतहून जीपमध्ये बसलो तेव्हा मी म्हटलं, 'आत्याबाई, तुम्ही काहून चुकलं म्हणाल्या?' तर म्हणाल्या, 'तुझी मैत्रीण हाय ना ती. तिच्यासमोर तुझं तोंड काहून उतरवायचं?'

मला काय वाटतंय ते लिहिता येत नाही. लाज वाटते, एवढं लिहिते.

सपना

वसमत,
२२ डिसेंबर २०२४

सपने,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा माझा. तू कोण बसलं ते लिहिलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. धार म्हटलं की म्हातारी बाई, अडाणीपणा म्हटलं की सासू, असं माझ्या डोक्यात आधीच छापलेलं होतं. ज्या बाईनं नेम सांगितला तिलाच मी नेम शिकवत होते, तेही तिच्या दंडात सुई घालून. त्यांची माफी मी येऊन मागेन. तोवर हे पत्र त्यांना वाचून दाखव. गाळू नकोस.

सोबत तिघांचे कागद आहेत. तुझा चांगला आहे. भाऊजींचा चांगला आहे. आत्याबाईंचा बघ.

प्रभूच्या रक्तात जेवढं निघालं होतं, त्याच्या चौपट त्यांच्या रक्तात आहे. मी दोनदा तपासलं, मग लॅबच्या सरांनी तिसऱ्यांदा तपासलं. नांदेडच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, हे आजचं दिसत नाही, कमरेच्या मणक्याचा फोटो काढा, तिथं हे दुखणं वर्षानुवर्षं दडून बसतं. दूध तर त्या कधी निरसं पीत नव्हत्या. मग हातानं आलं असणार. तुमच्याकडं अडलेल्या शेळीची वीण कोण काढतं? मेलेली पिलं कोण उचलतं, वार कोण पुरतं? उघड्या हातांनी?

दहा वर्षं, सपना. पहिल्या पत्रात तूच लिहिलं होतंस, कंबर धरून बसतात. मी ते वाचलं, हसले आणि पुढच्या ओळीवर गेले. ज्या पत्रात एक आजारी माणूस शोधत होते, त्यातच दुसरं होतं.

आणि चांदीचं. दहा वर्षांपूर्वी ती जन्मलीही नव्हती. तिनं दुखणं आणलं की तुमच्या शेरडांच्या वाडग्यात येऊन तिलाच लागलं, हे कुणी सांगू शकणार नाही. माहेर-सासर रक्तात उतरत नाही. सगळी शेरडं-मेंढरं गुरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आत्याबाईंना तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतील. एकही चुकवायची नाही. त्यांना आधीच सांग, लघवी लाल होईल.

सत्यशीला

गोरेगाव,
२ मार्च २०२५

सत्या,

उशीर झाला. खूप काही करायचं होतं.

तुझं पत्र वाचून दाखवलं, गाळलं नाही. आधी माझं मी सांगितलं, मग तुझं वाचलं. मणक्याच्या फोटोत निघालं, दोन मणके धरलेले आहेत. गोळ्या चालू आहेत, अजून तीन आठवडे. शेरडं-मेंढरं तपासली, त्यात सात निघाली, चांदीही. हे म्हणाले, गुपचूप बाजारात काढून टाकू, ओळखतंय कोण. आत्याबाई म्हणाल्या, 'आपल्या लेकराच्या पायातलं काढून दुसऱ्याच्या लेकराच्या पायात घालायचं व्हय?' मग गुरांच्या डॉक्टरांसमोर खड्डा करून, चुना टाकून सातही पुरली. हे दोन दिवस उरलेली शेरडं पुन्हा पुन्हा मोजत होते. मी चांदीसाठी रडले. प्रभू अजून विचारतो.

आता विणीला हातमोजे घालतो. हे पहिल्यांदा घालून आले तर शेरडं बिचकून पळाली.

आत्याबाईंना तुला पत्र घालायचंय. त्या सांगतील तसं मी लिहिते. त्यांनी बजावलंय, 'जसं बोलते तसंच लिव, शाळेवानी करू नको.'

'सत्यशीलाबाईला सुभद्राबाईचा नमस्कार. तू मला बोलली त्याचा राग तवा बी न्हवता अन् आता बी न्हाई. लेकराच्या भल्यासाठी बोलली. माफीसाठी येऊ नको, भाकर खायला ये.

मला दहा साल झाले कंबर दुखती. आदी मी सांगायची, दुखतंय. कोनी ऐकंना. सुनंचे सासरे व्हते ते म्हनायचे, बायांचं असतंच. गल्ली म्हनायची, सुभद्रा काम चुकवती. ऐकून ऐकून मला बी वाटाय लागलं, असंल बाई, आपनच नाटकं करत असू. मंग मी सांगायचंच सोडलं. नुसतं आई गं म्हनायची, ते बी तोंडातून सुटायचं. तू कागदावर लिवून धाडलं की म्हातारीचं खरंच दुखतंय. सुनंनं वाचून दाखवलं तवा मला गोळी खायच्या आदीच बरं वाटलं. तो कागद मी ट्रंकंत ठिवलाय. शालूबाईला दोनदा दाखवला.

सुनंला बोलू नको. तिनं मला सगळं सांगितलं. आपल्या तोंडानं सांगनारी मानसं कमी असत्यात. आता तीच मला गोळ्या देती, घड्याळ बघून. मालकाचा पाय बरा हाय. ते कसं, ते तिलाच लिवू दे, मला लाज वाटती.'

लाज कसली ते सांगते. प्रभूची औषधं जानेवारीच्या शेवटी संपली. नांदेडच्या डॉक्टरांनी पाय सगळीकडून वळवून बघितला आणि म्हणाले, आता पुन्हा तपासणीला आणा तेवढंच. पण मला खात्री वाटत नव्हती. रोज तो चालायला लागला की मी मागून त्याच्या पायाकडं बघायची. आत्याबाईही बघायच्या. एकमेकींना दाखवायचो नाही.

परवा दुपारी मी मागं धुणं वाळत घालत होते. आत्याबाई उंबऱ्यावर तूर निवडत बसल्या होत्या, प्रभू अंगणात होता. तेवढ्यात सेनगावची जीप हॉर्न वाजवत आली आणि हा रस्त्याकडं सुटला. आत्याबाईंनी हाक मारली, 'मालक! ओ मालक!' ह्याला हसू आलं, आणखी जोरात पळाला. जीप वळणावर आली होती. मला मागून फक्त ऐकू आलं. एवढ्या मोठ्यानं, की मला वाटलं दुसरंच कुणी ओरडतंय.

'प्रभू! प्रभ्या, थांब!'

तो जागच्या जागी थांबला. त्या तोंडून ते नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. जीप धूळ उडवत निघून गेली. मी धावत पुढं आले तर तूर सगळ्या अंगणात सांडलेली, आणि आत्याबाई रस्त्याच्या कडेला त्याला धरून उभ्या. पदर तोंडात कोंबलेला. उंबऱ्यापासून तिथवर त्या पळत गेल्या होत्या, कंबर न धरता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मला म्हणाल्या, 'घेतलं गं मी नाव. काय करू? पळाला ना तो.'

मग दोघी तिथंच रस्त्याच्या कडेला हसत बसलो आणि रडलोही. शालूबाई दारात येऊन बघत होत्या, बघू दिलं.

आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण पत्र इथंच थांबवते. तो पुन्हा रस्त्याकडं निघालाय.

सपना